निद्राश्वासरोध आणि प्रतिऑक्सिडीकारक प्रथिने : एका उपचारकल्पनेचा इतिहास व अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात तिचे मूल्यमापन

प्रास्ताविक

झोपेत घोरणारा माणूस आपल्याकडे सुखी समजला जातो. दिवसभर कष्ट करून पाठ टेकली की ढाराढूर झोप लागावी आणि घोरण्याचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जावा, यात कोणाला आजार दिसत नाही. दिसलाच तर विनोद दिसतो. वैद्यकशास्त्राने मात्र गेल्या साठ वर्षांत या आवाजामागील एक गंभीर विकार ओळखला आहे. झोपेमध्ये घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग पुनःपुन्हा बंद होतो, रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो आणि थोड्याच वेळाने हेच चक्र पुन्हा घडते. या विकारास अवरोधक निद्राश्वासरोध असे म्हणता येईल. व्यवहारात तो ‘स्लीप ॲप्निया’ या नावाने ओळखला जातो. तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वास थांबणे अथवा मंदावणे ही त्याची किमान मर्यादा मानतात. पंधरापासून मध्यम आणि तिसापासून तीव्र अवस्था धरली जाते.

या विकारावर शरीरातील प्रतिऑक्सिडीकारक प्रथिनांचा, म्हणजे लोकव्यवहारात ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकी प्रथिनस्वरूप द्रव्यांचा, उपचार म्हणून उपयोग होऊ शकेल काय, हा प्रश्न विशेषतः २००० नंतर गांभीर्याने विचारला गेला. प्रस्तुत निबंधात या कल्पनेचा इतिहास मांडून तिचे आजचे मूल्य तपासण्याचा आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यासारख्या मुख्यतः ग्रामीण भागाच्या दृष्टीने तिचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे. या इतिहासातून पुढे येणारे मुख्य प्रतिपादन असे : एखादे द्रव्य शरीरात कमी पडते हे कळणे आणि ते द्रव्य बाहेरून देऊन रोग बरा करणे, यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कापले जाईपर्यंत रुग्णाचे हित औषधाच्या आशेपेक्षा वेळेवर होणाऱ्या निदानावर अवलंबून राहते.

१. घोरण्याकडून विकाराकडे

स्थूलता, अतिनिद्रा आणि श्वास यांचा संबंध प्राचीन भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत स्थौल्याची लक्षणे सांगताना क्षुद्रश्वास, अतिनिद्रा आणि क्रथन यांची एकत्र गणना केलेली आहे. क्रथन या शब्दाचा अर्थ घोरणे किंवा श्वास अडखळणे असा लावला जातो. चरकसंहितेतही अतिस्थूल मनुष्याच्या दोषांची स्वतंत्र चर्चा आहे. अर्थात या नोंदींत आजच्या अर्थाने रोगाची कारणमीमांसा शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. लक्षणांचा समूह सूक्ष्मपणे टिपला गेला होता, एवढेच म्हणता येते.

पाश्चात्त्य जगातही प्रथम नोंद झाली ती साहित्यात. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो उभ्याउभ्या झोपतो आणि घोरतो. १९५६ मध्ये अमेरिकेतील सिडनी बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन करताना या कादंबरीवरून विकाराला ‘पिकविकियन’ असे नाव दिले. तो रुग्ण एक व्यावसायिक होता. पत्त्यांच्या डावात हातात उत्तम पाने आली असतानाच त्याला झोप लागली, आणि त्यानंतर तो रुग्णालयात दाखल झाला. त्या वेळी दिवसाच्या झोपेचे कारण रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड असावा असा समज होता. रात्री नेमके काय घडते हे कोणी पाहिलेले नव्हते.

ते पाहिले गेले १९६५ मध्ये. फ्रान्समध्ये गास्तो व त्यांचे सहकारी, तसेच जर्मनीत युंग आणि कुलो यांनी झोपेत मेंदूच्या लहरी आणि श्वास यांचे एकत्र आलेखन केले, तेव्हा श्वास वारंवार थांबतो आणि प्रत्येक वेळी झोप मोडते हे स्पष्ट झाले. १९७६ पर्यंत अमेरिकेत ख्रिस्तियन गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराला शास्त्रीय नाव व व्याख्या दिली. तो केवळ स्थूल व्यक्तींपुरता मर्यादित नाही हेही दाखवून दिले.

उपचार मात्र कठोर होता. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका बाहेर उघडणे हा जवळजवळ एकच खात्रीचा मार्ग होता. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर बसविलेल्या मुखवट्यातून सौम्य दाबाची हवा अखंड सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हवेच्या दाबाने घसा आतून आधारला जातो आणि मिटत नाही. ‘सीपॅप’ या नावाने आज परिचित असलेले यंत्र ते हेच. चार दशकांनंतरही मध्यम व तीव्र विकाराचा तोच मुख्य उपचार आहे.

२. काम न कळलेले प्रथिन

उपचाराची ही यांत्रिक कथा पुढे सरकत असताना, तिच्याशी काहीही संबंध नसलेली दुसरी कथा जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत घडत होती. तिचा आरंभ केंब्रिजमध्ये होतो. १९२५ मध्ये डेव्हिड कीलिन यांनी पेशीच्या श्वसनात भाग घेणाऱ्या सायटोक्रोम या रंगद्रव्यांचा शोध प्रसिद्ध केला. १९३८ मध्ये त्यांनीच थॅडियस मान यांच्यासह गुरांच्या रक्तातून तांबे असलेले एक निळसर प्रथिन वेगळे केले. त्याला ‘हीमोक्युप्रीन’ असे नाव दिले गेले. हे प्रथिन काय काम करते हे मात्र कळले नाही. ते तांब्याचा साठा करीत असावे, असे पुढील तीस वर्षे मानले गेले.

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये एक मराठी संशोधिका काम करीत होती, ही गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. कमला भागवत, विवाहानंतर कमला सोहोनी, यांनी तेथे रॉबिन हिल यांच्यासमवेत काम करून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे दाखविले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. विज्ञान शाखेत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. भारतात परतल्यावर त्यांनी डाळी, नीरा यांसारख्या सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांच्या पोषणमूल्यावर संशोधन केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले. त्यांचे काम निद्राश्वासरोधाविषयी नव्हते, हे उघड आहे. परंतु ज्या सायटोक्रोम सी या रेणूचा वनस्पतींतील आढळ त्यांनी सिद्ध केला, तोच रेणू पुढे प्रतिऑक्सिडीकारक प्रथिनाच्या शोधात साक्षीदार ठरला.

ते असे घडले. ऑक्सिजन हा प्राणवायू असला तरी तो निरुपद्रवी नाही. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन व सहकाऱ्यांनी ऑक्सिजनची विषाक्तता आणि किरणोत्सर्गाची इजा यांचे मूळ एकच, म्हणजे मुक्त मूलके, असे प्रतिपादन केले. मुक्त मूलक म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन धारण करणारा, म्हणून अत्यंत क्रियाशील असा अणुसमूह. पेशीतील तंतुकणिकांमध्ये ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाट सोडून थेट ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हे मूलक निर्माण होते. सुपरऑक्साइड आपला इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी या रेणूला देते आणि त्याचा रंग बदलतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच हे ही क्रिया अभ्यासत असताना, एका द्रव्याच्या अल्प मिश्रणाने हा रंगबदल थांबतो असे त्यांना आढळले. त्या द्रव्याचा शोध घेता ते मान आणि कीलिन यांचे जुने निळसर प्रथिनच निघाले. १९६९ मध्ये त्यांनी जाहीर केले की हे प्रथिन तांब्याची कोठी नसून सुपरऑक्साइडला निष्प्रभ करणारे विकर आहे. त्याचे नाव ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’ असे ठेवण्यात आले.

पुढील काळात या विकराचे तीन प्रकार स्पष्ट झाले : पेशीद्रवातील तांबे-जस्तयुक्त प्रकार, तंतुकणिकांतील मँगनीजयुक्त प्रकार आणि पेशीबाहेरील प्रकार. हे विकर एकटे पुरेसे नाही, हेही लक्षात आले. ते सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. ते पुढे पाण्यात बदलण्याचे काम कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन ही अन्य प्रथिने करतात. ही साखळी एकमेकांवर अवलंबून आहे. पहिली कडी बळकट केली आणि पुढची दुबळी राहिली, तर एक विष जाऊन दुसरे साठण्याचा संभव असतो. उपचाराच्या चर्चेत हा मुद्दा अनेकदा विसरला जातो.

३. दोन कथांचा संगम

निद्राश्वासरोध आणि ही प्रथिने यांची गाठ पडली ती एका साम्यामुळे. हृदयविकारात रक्तपुरवठा थांबून पुन्हा सुरू झाला की ऊतींची हानी वाढते, आणि त्या हानीत मुक्त मूलकांचा हात असतो, असे १९८० नंतरच्या संशोधनातून पुढे आले होते. निद्राश्वासरोधात हेच लहान प्रमाणात, परंतु रात्रीतून शेकडो वेळा घडते. ऑक्सिजन उतरतो आणि परत येतो. सतत कमी ऑक्सिजनमध्ये राहणाऱ्या, उदाहरणार्थ उंच पर्वतावरील, माणसाचे शरीर हळूहळू जुळवून घेते. मात्र उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या ऑक्सिजनशी जुळवून घेणे पेशीला कठीण जाते.

२००० मध्ये जर्मनीतील शुल्झ आणि सहकाऱ्यांनी दाखविले की या रुग्णांच्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड अधिक प्रमाणात सोडतात आणि सीपॅपच्या उपचाराने ते प्रमाण खाली येते. येथून संशोधनाला वेग आला. त्यात एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. नंदुरी प्रभाकर यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले आणि पुढील संशोधन अमेरिकेत झाले. मानेतील मुख्य धमनीपाशी कॅरोटिड पिंड नावाचा, ऑक्सिजनची पातळी ओळखणारा तिळाएवढा अवयव असतो. खंडित ऑक्सिजनन्यूनतेमुळे हा पिंड अतिसंवेदनशील होतो आणि त्यातून रक्तदाब वाढविणारे मज्जासंदेश वाढतात, असे प्रभाकर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखे काम करणारे एक कृत्रिम द्रव्य आधी दिले असता हा परिणाम टळला. रोगाच्या मुळाशी मुक्त मूलके आहेत, याचा हा ठळक पुरावा होता.

२००४ मध्ये अमेरिकेतीलच लुईव्हिल येथील संशोधकांनी, ज्यांच्या शरीरात हे विकर जनुकीय बदलामुळे अधिक तयार होते अशा उंदरांना खंडित ऑक्सिजनन्यूनतेत ठेवले. सामान्य उंदरांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूतील पेशींची हानी कमी झाली. २००९ मध्ये प्रभाकर यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. खंडित ऑक्सिजनन्यूनतेमुळे एचआयएफ-२ अल्फा हे नियंत्रक प्रथिन मोडले जाते. तंतुकणिकांतील सुपरऑक्साइड डिस्म्युटेजच्या निर्मितीसाठी या नियंत्रकाची गरज असते. त्यामुळे संरक्षक विकरच कमी तयार होते. म्हणजे रोग एकीकडे मूलके वाढवितो आणि दुसरीकडे त्यांच्यापासून बचाव करणारे प्रथिन घटवितो. याच नियंत्रक प्रथिनांच्या कुळाचा मूळ शोध ज्यांच्या प्रयोगशाळेत लागला, त्या ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक अन्य दोघांसह मिळाले.

या टप्प्यावर उपचाराची कल्पना तर्कशुद्ध वाटते. जे प्रथिन कमी पडते ते वाढवावे आणि हानी रोखावी. काही मानवी अभ्यासांनी या आशेला बळ दिले. २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी रुग्णांना शिरेतून क जीवनसत्त्व दिले असता रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता तात्पुरती सुधारल्याचे आढळले. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये वीस रुग्णांवरील छोट्या चाचणीत एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाचा उपयोग केला. हे प्रथिन नव्हे, तर शरीराला ग्लुटाथायोन तयार करण्यास मदत करणारे द्रव्य आहे. महिनाभराच्या उपचारानंतर ऑक्सिडीकरणाच्या ताणाची आणि झोपेची काही मापे सुधारल्याचे त्यांनी नोंदविले. मात्र वीस रुग्ण आणि एक महिना एवढ्यावरून उपचारपद्धती उभी राहत नाही.

४. प्रथिन औषध का झाले नाही?

या प्रश्नाचे उत्तर निद्राश्वासरोधाच्या क्षेत्राबाहेरील इतिहासात आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचा औषध म्हणून उपयोग करण्याचे प्रयत्न त्याचे कार्य कळल्यानंतर लवकरच सुरू झाले होते. गुरांच्या ऊतींपासून मिळविलेले विकर ‘ऑर्गोटीन’ या नावाने युरोपात सांध्यांच्या दाहावर टोचले जात असे. पुढे त्याचा वापर मागे पडला. अडचणी मूलभूत होत्या. प्रथिन तोंडाने घेतले तर डाळीतील किंवा दुधातील प्रथिनाप्रमाणेच त्याचे पचन होते. त्याचे विशेष कार्य शिल्लक राहत नाही. शिरेतून दिले तर मूत्रपिंडे ते थोड्याच मिनिटांत रक्तातून काढून टाकतात. आणि रक्तात टिकले तरी मूलके जेथे जन्मतात त्या पेशीच्या आत ते सहज शिरत नाही. रक्तात अधिक काळ टिकावे म्हणून त्याला कृत्रिम बहुवारिकाची जोड देण्यात आली. परंतु डोक्याच्या गंभीर दुखापतीच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत, ज्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले, त्याचा लक्षणीय लाभ दिसला नाही.

याहून मोठा धडा जीवनसत्त्वांच्या चाचण्यांनी दिला. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटिन हे प्रतिऑक्सिडीकारक घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. २००९ मध्ये जर्मनीतील एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या असता, व्यायामामुळे इन्सुलिनची परिणामकारकता सुधारण्याचा लाभ नाहीसा झाला. याचा अर्थ असा की मुक्त मूलके सर्वस्वी शत्रू नाहीत. शरीर त्यांचा संदेशवाहक म्हणूनही उपयोग करते, आणि त्यांना सरसकट पुसून टाकणे हिताचे नसते. वजन घटविणे व व्यायाम हा निद्राश्वासरोधाच्या उपचाराचा भाग असल्यामुळे हा निष्कर्ष या रुग्णांच्या दृष्टीने विशेष विचारात घेण्यासारखा आहे.

मूळ गृहीतकही सर्वत्र निर्विवाद नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकशी संबंधित संशोधकांनी, अन्य कोणताही आजार नसलेल्या निद्राश्वासरोधाच्या रुग्णांत ऑक्सिडीकरणाच्या ताणाची वाढ आढळत नसल्याचे नोंदविले. स्थूलता, मधुमेह व धूम्रपान यांचा वाटा वेगळा काढणे किती अवघड आहे, हे त्यावरून दिसते.

प्रस्थापित उपचाराच्याही मर्यादा आहेत, हे येथे निःपक्षपातीपणे सांगावयास हवे. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. सीपॅपमुळे दिवसाची झोप कमी झाली, जीवनमान सुधारले; परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना घटल्या नाहीत. रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. यंत्र झेपत नाही अशा रुग्णांसाठी औषधाची गरज खरी आहे, ती यामुळेच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्थूलतेसह मध्यम ते तीव्र निद्राश्वासरोधासाठी टिर्झेपाटाइड या औषधास मान्यता मिळाली. या विकारासाठी मान्य झालेले हे तेथील पहिले औषध होय. ते काम करते ते मुख्यतः वजन घटवून. म्हणजे औषधाच्या शर्यतीत रासायनिक हानी पुसण्याच्या मार्गापेक्षा श्वासमार्ग मोकळा करण्याचा मार्गच आधी पोहोचला.

५. जिल्ह्याचा संदर्भ

हा सर्व इतिहास दूरच्या प्रयोगशाळांचा वाटेल. परंतु विकार दूरचा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयोगटातील, स्वतःला निरोगी समजणाऱ्या शहरी पुरुषांची पाहणी होती. त्यांत झोपेतील श्वासविकाराचे प्रमाण १९.५ टक्के आणि दिवसा लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. २०२३ मध्ये भारतातील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांमध्ये निद्राश्वासरोधाचे प्रमाण सुमारे ११ टक्के असून देशातील रुग्णसंख्या दहा कोटींच्या घरात जाते. जबडा व घसा यांच्या ठेवणीमुळे हा विकार फारसे स्थूल नसलेल्यांनाही होतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक. त्यात दोन भिन्न जीवनपद्धती शेजारी नांदतात. उत्तरेकडे प्रवरा-मुळेच्या कालव्यांवर पोसलेला ऊसपट्टा. प्रवरानगर येथे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकार्याने उभारलेला सहकारी साखर कारखाना याच भागातला. दक्षिणेकडे जामखेड, कर्जत, पाथर्डी हा अवर्षणप्रवण भाग. येथून हंगामात ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. एकीकडे बैठे काम, वाहनांची सोय आणि वाढते वजन; दुसरीकडे पहाटेपूर्वी फडात उतरणारा, झोपेच्या वेळा हरवलेला मजूर आणि रात्रभर उसाची वाहतूक करणारा चालक. दिवसा डुलकी लागण्याचे कारण थकवा की रात्री तुटणारा श्वास, हे विचारले जाण्याची शक्यता या दोन्ही ठिकाणी कमी आहे. चालकाच्या बाबतीत तर या प्रश्नावर त्याचा व रस्त्यावरील इतरांचा जीव अवलंबून असतो.

जिल्ह्यात आरोग्यसेवेची दोन महत्त्वाची प्रारूपे घडली. साखर कारखान्याच्या सहकारातून उभ्या राहिलेल्या संस्थांपैकी लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २००३ मध्ये तेथील वैद्यकीय संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शिक्षण, तज्ज्ञ आणि उपकरणे ग्रामीण भागात आणण्याचे हे प्रारूप. दुसरे प्रारूप जामखेडचे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. रक्तदाब पाहणे, गरोदर मातेची काळजी घेणे, कुष्ठरोग व क्षयरोगाची लक्षणे ओळखणे ही कामे त्यांनी केली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रोग ओळखण्याचे ज्ञान पदवीधरांच्या हाती अडकून पडू नये, हा या प्रकल्पाचा गाभा होता.

निद्राश्वासरोधाच्या बाबतीत ही दोन्ही प्रारूपे एकमेकांना पूरक ठरू शकतात. रात्रभराचे पूर्ण निद्रापरीक्षण ही मुख्यतः मोठ्या शहरांतील आणि वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांतील सोय आहे. परंतु कोणाला या परीक्षणासाठी पाठवावे, हे ठरविण्यास मोठी सामग्री लागत नाही. २००८ मध्ये कॅनडात तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली मोजक्या गोष्टी विचारते : मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले काय, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग. यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे रुग्णापेक्षा त्याच्या घरातील माणूस अधिक अचूक देतो. श्वास थांबल्याचे प्रथम कळते ते शेजारी झोपणाऱ्या पत्नीला. आणि तिच्याशी बोलू शकणारी व्यक्ती म्हणजे गावातील आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्ती. मानेचा घेर मोजण्यास शिंप्याची फीत पुरते.

दुसरे साधनही आता अपरिचित राहिलेले नाही. करोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविली, तेव्हा पथके घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी मोजत होती. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर त्यामुळे खेड्यातील माणसालाही माहीत झाला. दिवसा एकदा घेतलेल्या नोंदीवरून निद्राश्वासरोध कळत नाही. परंतु रात्रभर नोंद साठविणाऱ्या ऑक्सिमीटरवर चढउतारांचा आलेख मिळतो आणि पुढील तपासणीची निकड ठरविता येते. जो चढउतार प्रभाकर यांनी प्रयोगशाळेत निर्माण करून अभ्यासला, तोच येथे रुग्णाच्या बोटावर वाचता येतो.

याउलट ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द बाजारात फार सहजपणे वापरला जातो. गोळ्या, भुकटी, रस अशा अनेक रूपांत तो विकला जातो आणि थकव्यावर उपाय म्हणून त्याची भलामण होते. दिवसा सतत थकणाऱ्या, परंतु निदान न झालेल्या निद्राश्वासरोधाच्या रुग्णाने अशा उत्पादनावर पैसा खर्च करावा आणि त्या समाधानात तपासणी लांबणीवर टाकावी, हा या कल्पनेचा सर्वांत मोठा धोका आहे. भाजीपाला, कडधान्ये, फळे यांचा आहार उत्तमच. परंतु त्यामुळे मिटलेला घसा उघडत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, निद्राश्वासरोधात प्रतिऑक्सिडीकारक प्रथिनांची न्यूनता आणि मुक्त मूलकांची वाढ यांना प्राण्यांवरील प्रयोगांचा भक्कम आधार आहे; मानवी पुरावा मर्यादित व काही ठिकाणी परस्परविरोधी आहे. दुसरा असा की, प्रथिन बाहेरून देण्याचे पूर्वीचे प्रयत्न पचन, उत्सर्जन व पेशीप्रवेश या तीन अडसरांपाशी अडले. त्यामुळे पुढील संशोधनाची आशा प्रथिन टोचण्यापेक्षा शरीराची स्वतःची निर्मिती टिकवून ठेवण्याच्या दिशेने अधिक आहे. तिसरा असा की, हानी पुसणारा कोणताही उपचार श्वासमार्ग मोकळा ठेवणाऱ्या उपचाराला पर्याय म्हणून सिद्ध झालेला नाही. पूरक म्हणून त्याचा विचार होऊ शकतो.

हीमोक्युप्रीन हाती असूनही त्याचे काम कळण्यास एकतीस वर्षे लागली. काम कळून आता अर्धशतक उलटले, तरी या विकारावर ते औषध झालेले नाही. विज्ञानाची ही गती समजून घेतली तर संशोधनाविषयी अनास्था वाटण्याचे कारण नाही आणि त्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या आश्वासनांवर विसंबण्याचेही नाही. जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी दाखविलेला मार्ग या विकाराच्या बाबतीत आजही मोकळा आहे. घोरणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या पत्नीला एक प्रश्न विचारण्यापासून त्याची सुरुवात होते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर घेऊन रुग्णाला लोणीसारख्या ठिकाणी तज्ज्ञापर्यंत पोहोचविणे, हे जिल्ह्याच्या आवाक्यातील काम आहे.